चिपचा पहिला घाणा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

गेल्या महिन्यात केंद्रावर माझ्या नावाने एक पत्र आले. पत्रलेखक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी आडवळण न घेता विचारले आहे, 'जग आता २ नॅनोमीटरच्या चिपच्या गोष्टी करते आहे. मग गुजरातेत ढोलेरा इथे ९१ हजार कोटी रुपये खर्चून आपण २८ नॅनोमीटरचा कारखाना कशासाठी उभारतो आहोत? ही शिळ्या कढीला ऊत आणण्याची हौस कशाला?'

प्रश्न रास्त आहे. त्या खर्चातला निम्मा भार केंद्र सरकार उचलणार आहे, म्हणजे तो तुमच्या-माझ्या खिशातून जाणार आहे. तेव्हा विचारण्याचा हक्क सगळ्यांनाच आहे. माझी उमेदीची वर्षे चिपच्या कारखान्यांत गेली. नवी पद्धत घाईने उचलली की काय होते, ते मी पुस्तकात वाचून नव्हे, तर हात पोळून शिकलो. म्हणून आज थोडे शास्त्र, थोडा इतिहास आणि थोडी माझी स्वतःची फजिती सांगणार आहे.

आधी चिप तयार कशी होते ते पाहू. अतिशुद्ध सिलिकॉनच्या पातळ, आरशासारख्या गुळगुळीत चकत्या असतात. त्यांना वेफर म्हणतात. बटाट्याच्या वेफरशी नाते एवढेच की त्याही गोल आणि पातळ असतात. मोठी चकती ३०० मिलिमीटर व्यासाची, म्हणजे साधारण जेवणाच्या ताटाएवढी. तिच्यावर एक थर चढवायचा, त्यावर प्रकाशाने बदलणारे रसायन पसरायचे, नक्षीतून प्रकाश पाडायचा, नको तो भाग कोरून काढायचा, खाचा भरायच्या, घासून सपाट करायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. असे थरावर थर चढत जातात. आधुनिक चिपसाठी अशा लहानमोठ्या पायऱ्यांची संख्या हजाराच्या घरात जाते. एक चकती कारखान्यात शिरते ती बाहेर पडायला दोन-तीन महिने लागतात. शेवटी तिचे तुकडे करायचे. एका चकतीतून शेकडो चिप निघतात. त्यांतल्या चांगल्या किती, वाया किती, यावर कारखाना तरतो किंवा बुडतो.

साखर कारखान्यात आपण 'उतारा' म्हणतो ना, तोच शब्द मी इथे वापरतो. उसाचे शंभर टन गाळप केले तर साखर किती उतरली? तसेच शंभर चिप घडवल्या तर चालणाऱ्या किती उतरल्या?

आता एक साधे गणित करू. समजा, प्रत्येक पायरी ९९ टक्के वेळा बिनचूक होते. शाळेत ९९ गुण म्हणजे पहिला नंबर! पण अशा हजार पायऱ्या एकापाठोपाठ आल्या तर शेवटी जवळजवळ काहीच शिल्लक राहत नाही. लाखात चार चिप चांगल्या निघतील. पायरी ९९.९ टक्के बिनचूक केली तर उतारा सुमारे ३७ टक्के. आणि ९९.९९ टक्के केली तर ९० टक्के. दशांश चिन्हापुढचा एक नऊ वाढला की दिवाळखोरीचे रूपांतर नफ्यात होते. हा शेवटचा नऊ मिळवण्यासाठी अभियंते वर्षानुवर्षे झटतात. नवी प्रक्रिया आली की हे मिळवलेले नऊ एका फटक्यात हातातून जातात आणि पाटी पुन्हा कोरी होते. धोका आहे तो इथे.

दुसरी गोष्ट चिपच्या आकाराची. चकतीवर दोष विखुरलेले असतात. अंगणात तांदळाचे चार दाणे फेकले तर लहान रांगोळी बहुधा वाचते, मोठ्या रांगोळीवर दाणा पडतोच. चौरस सेंटिमीटरला सरासरी अर्धा दोष असेल, तर १ चौरस सेंटिमीटरच्या साधारण ६० टक्के चिप वाचतील. ५ चौरस सेंटिमीटरची चिप असेल तर शंभरातल्या आठच. म्हणजे नव्या, न रुळलेल्या पद्धतीवर मोठी चिप बनवणे हा दुहेरी जुगार असतो.

दिवाळीत आमची आई चकल्यांचा सगळा घाणा एकदम तेलात सोडत नसे. आधी एकच चकली सोडायची. ती तेलात विरघळली तर मोहन जास्त झाले, कडक झाली तर कमी पडले. भाजणी सुधारून मग पुढचा घाणा. चिपवाल्यांची पंचाईत अशी की त्यांची पहिली चकली तेलातून वर यायला तीन महिने लागतात आणि तोवर पाठोपाठ हजारो चकल्या कढईत पडलेल्या असतात.

आता इतिहासाकडे वळतो. चिपमधल्या कोट्यवधी ट्रान्झिस्टरना जोडणाऱ्या तारा कित्येक वर्षे ॲल्युमिनियमच्या होत्या. तारा बारीक होत गेल्या तसा त्यांचा विद्युतरोध वाढू लागला. तांब्याचा रोध ॲल्युमिनियमपेक्षा जवळजवळ ४० टक्के कमी, आणि जोरदार प्रवाहात तांबे झिजतेही कमी. मग तांबे आधीच का नाही वापरले? कारण तांबे हे सिलिकॉनला विषासारखे आहे. त्याचे अणू सिलिकॉनमध्ये झिरपले की ट्रान्झिस्टर निकामी होतात. शिवाय ॲल्युमिनियमसारखे ते वायूने कोरताही येत नाही.

यावर आयबीएमने तोड काढली आणि १९९७ साली ती जाहीर केली. आधी खाचा कोरायच्या, त्यांना आतून टँटलमसारख्या धातूचे अस्तर लावायचे, वर विजेच्या साहाय्याने तांब्याचा मुलामा चढवायचा आणि जास्तीचे तांबे घासून काढायचे. खाचेत उरते तेवढीच तार. बिदरच्या कारागिराने बिदरीच्या सुरईवर चांदीची तार खाचेत ठोकून बसवावी आणि मग पृष्ठभाग घासून एकसारखा करावा, तीच ही युक्ती. या पद्धतीचे इंग्रजी नावही दमास्कसच्या जडावकामावरून पडले आहे.

तांब्यापाठोपाठ तारांच्या मधला विद्युतरोधक पदार्थही बदलायची टूम निघाली. काचेसारख्या जुन्या पदार्थाऐवजी हलका, सच्छिद्र पदार्थ घातला की वेग वाढतो. पण हलका पदार्थ म्हणजे नाजूक पदार्थ. आयबीएमने २००० साली यासाठी एक सेंद्रिय बहुवारिक निवडले. ते तापल्यावर तांब्यापेक्षा कितीतरी जास्त फुगायचे, त्यामुळे जोडण्यांवर ताण येऊन त्या तडकायच्या. पुढच्या पिढीत आयबीएमला तो पदार्थ सोडावा लागला. तैवानच्या यूएमसीने आयबीएमचा हात धरला होता, ती मागे पडली. तिची शेजारीण आणि स्पर्धक टीएसएमसी हिने स्वतःची वेगळी वाट धरली आणि ती पुढे गेली. पण ही वाटसुद्धा काट्यांचीच होती, ते पुढे सांगतो.

आता माझी फजिती. ती याच तांब्याच्या काळातली. परदेशातल्या एका कारखान्यात तांबे घासून सपाट करण्याच्या विभागात मी होतो. नवी पद्धत प्रायोगिक पातळीवर उत्तम चालली होती. पंचवीस-पंचवीस चकत्यांच्या तुकड्या आम्ही हातात घेऊन फिरवल्या, मोजमापे केली, सगळे आकडे झकास आले. मोठ्या उत्पादनाला हरकत नाही, अशा कागदावर मी सही केली. तरुण होतो, आपली सही कागदावर पाहून बरे वाटले होते.

पहिले काही आठवडे काहीच कळले नाही, कारण तपासणी शेवटी होते. मग पहिल्या चकत्या विद्युत चाचणीला गेल्या आणि काही तुकड्यांमधल्या चिप मुक्या निघाल्या. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर काही ठराविक तारा चक्क नाहीशा झालेल्या आणि जवळच्या दुसऱ्या तारांवर तांब्याची पुटे चढलेली. आम्ही मुलाम्याच्या द्रावणावर संशय घेतला, घासण्याच्या रसायनावर घेतला, पाण्यावर घेतला. तीन आठवडे रोज नवा आरोपी.

शेवटी एका जुन्या तंत्रज्ञाने लक्षात आणून दिले की खराब तुकड्या बहुतेक पाळी बदलायच्या वेळच्या आहेत. त्या वेळी चकत्या घासून झाल्यावर ओल्याच यंत्रात थांबून राहत आणि यंत्राच्या खिडकीतून वरच्या दिव्याचा उजेड त्यांच्यावर पडत असे. आम्ही हसलो. उजेडाने तांबे कसे विरघळेल? तरी त्याने दोन तुकड्या घेतल्या. एक उजेडात ठेवली, दुसरी काळ्या कापडाखाली. उजेडातली बिघडली आणि अंधारातली शाबूत राहिली.

कारण कळल्यावर मात्र कपाळावर हात मारला. ट्रान्झिस्टरमधला सांधा उजेड पडला की चिमुकल्या सौरघटासारखे काम करतो. त्याच्या दोन टोकांना तांब्याच्या तारा जोडलेल्या आणि वर पाण्याचा ओलावा. म्हणजे मुलामा चढवायची आख्खी सामग्रीच तयार! एका तारेचे तांबे सुटून दुसरीवर जाऊन बसत होते. प्रयोगाच्या वेळी हे घडले नव्हते, कारण तेव्हा चकत्या थांबतच नव्हत्या. हात रिकामे होते, चकत्या थोड्या होत्या. मी सगळे मोजले होते, फक्त थांबण्याचा वेळ मोजला नव्हता, कारण तो मोजायचा असतो हेच माहीत नव्हते.

उपाय स्वस्त होता. खिडकीला काळी फिल्म लावली आणि थांबण्याला मिनिटांची मर्यादा घातली. पण तोवर कारखान्यात शिरलेल्या कित्येक तुकड्या फेकून द्याव्या लागल्या. साहेब रागावले नाहीत. त्यांनी फक्त तो कागद पुढे सरकवून विचारले, 'सही कोणाची आहे?' तो प्रश्न आजही मला कधी कधी रात्री ऐकू येतो.

श्रोतेहो, ही लहानशी गोष्ट झाली. मोठ्यांच्या बाबतीतही हेच घडते, फक्त आकड्यांवरची शून्ये वाढतात. २००२ साली संगणकातल्या चित्रांसाठी लागणाऱ्या चिप बनवणाऱ्या दोन कंपन्यांत चुरस होती. एक एनव्हिडिया, दुसरी कॅनडाची एटीआय. दोघींचे स्वतःचे कारखाने नव्हते, दोघी टीएसएमसीकडून चिप बनवून घेत. एनव्हिडियाने आपली नवी चिप टीएसएमसीच्या अगदी नव्या १३० नॅनोमीटरच्या प्रक्रियेवर बेतली. एटीआयने मात्र रुळलेल्या १५० नॅनोमीटरच्या प्रक्रियेवरच ११ कोटींच्या आसपास ट्रान्झिस्टरची मोठी चिप आखली. अनेकांना वाटले, जुन्या प्रक्रियेवर एवढी मोठी चिप झेपणार नाही. प्रत्यक्षात एटीआयचे रॅडिऑन ९७०० हे कार्ड २००२च्या ऑगस्टमध्ये बाजारात आले आणि त्याने मैदान मारले. एनव्हिडियाची जिफोर्स एफएक्स नोव्हेंबरमध्ये जाहीर झाली, पण दुकानांत पोचायला २००३ उजाडले. ती इतकी तापत असे की तिच्या पंख्याच्या आवाजाची टिंगल झाली. काही महिन्यांतच कंपनीला तिच्या जागी दुसरी चिप आणावी लागली. जुन्या चुलीवर ज्याचा हात बसला होता, त्याचे जेवण आधी तयार झाले.

गंमत पुढे आहे. २००९ साली टीएसएमसीची ४० नॅनोमीटरची प्रक्रिया आली. तिचा उतारा सुरुवातीला फारच कमी होता. एटीआय तोवर एएमडीच्या मालकीची झाली होती. तिने एप्रिल २००९ मध्ये आधी एक मध्यम आकाराची चिप त्या प्रक्रियेवर बनवून पाहिली. त्या अनुभवावरून मोठ्या चिपमध्ये, जिथे जोडण्या तुटण्याची भीती तिथे एकाऐवजी दोन जोडण्या दिल्या. आमच्या आईची एक चकली आठवा. एनव्हिडिया मात्र ३०० कोटी ट्रान्झिस्टरची अवाढव्य चिप घेऊन उतरली. ती मार्च २०१० मध्ये आली तेव्हा तिच्यातल्या ५१२ गणन-केंद्रांपैकी ४८० चालू ठेवून ती विकावी लागली. आज त्याच एनव्हिडियाचा जगभर डंका वाजतो आहे. म्हणजे ठेच लागलेला माणूस शहाणा होऊ शकतो, हेही लक्षात ठेवू.

सगळ्यात महागडी ठेच इंटेलला लागली. चिप बनवण्यात ही कंपनी दशकानुदशके सगळ्यांच्या पुढे होती. तिच्या १० नॅनोमीटरच्या प्रक्रियेत एकाच झेपेत २.७ पट ट्रान्झिस्टर बसवायचे ठरले. त्यासाठी जुन्याच प्रकाशयंत्रांनी एकेक नक्षी चार-चार हिश्शांत पाडायची, सगळ्यात खालच्या तारांसाठी तांब्याऐवजी कोबाल्ट वापरायचे, ट्रान्झिस्टरच्या ऐन डोक्यावर जोडणी द्यायची, अशा अनेक नव्या गोष्टी एकदम अंगावर घेतल्या. त्यांतली एकेक कदाचित जमली असती. सगळ्या एकत्र आल्या तेव्हा दोष नेमका कशाने येतो तेच उमगेना. सासू नवी, सून नवी आणि स्वयंपाकघरही नवे, मग भांडे कोणाच्या हातून फुटले हे कसे कळावे? २०१५ साली इंटेलने सांगितले, २०१७ मध्ये येईल. एप्रिल २०१८ मध्ये सांगितले, मोठे उत्पादन २०१९ मध्ये. त्याच वेळी कंपनीच्या प्रमुखांनी उद्दिष्ट फार महत्त्वाकांक्षी होते हेही मान्य केले. दरम्यान टीएसएमसीने २०१८ साली ७ नॅनोमीटरची प्रक्रिया आधी जुन्याच प्रकाशयंत्रांवर रुळवली, २०१९ साली मोजक्या थरांसाठी नवी यंत्रे लावली आणि मग पुढच्या पिढीत त्यांचा वापर वाढवला. एका वेळी एकच पाऊल. अनेक वर्षांची आघाडी अशी हातातून गेली.

इथे एक खुलासा करतो. हे ७, १०, २८ नॅनोमीटर म्हणजे आज कुठल्या एका अवयवाचे प्रत्यक्ष माप राहिलेले नाही. ती पिढीची नावे आहेत. एका कंपनीचे १० आणि दुसरीचे ७ जवळपास सारखेही असू शकतात. तेव्हा आकडा लहान म्हणून माल श्रेष्ठ, असे समजू नये.

मग नवे काही करूच नये का? तसेही नाही. न बदलण्यातही धोका असतो. दोन हजारच्या सुमारास सगळे म्हणत होते की १९३ नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरींनंतर १५७ नॅनोमीटरच्या लहरी येणार. त्यासाठी कॅल्शियम फ्लोराइडच्या स्फटिकाची भिंगे लागणार होती. त्यावर पुष्कळ पैसा खर्च झाला. पण टीएसएमसीचे बर्न लिन यांनी मांडले की जुन्याच १९३च्या यंत्रात भिंग आणि चकती यांच्यामध्ये पाणी भरा, नक्षी आणखी बारीक पडेल. २००३ साली इंटेलने १५७चा नाद सोडला आणि जग पाण्याकडे वळले. याच्या उलट, १३.५ नॅनोमीटरच्या लहरींचे नेदरलँड्सच्या एएसएमएलचे यंत्र अशक्य कोटीतले वाटत होते. त्यात वितळलेल्या कथिलाचे थेंब सेकंदाला ५० हजार या वेगाने सोडतात आणि प्रत्येकावर लेसरचा मारा करून प्रकाश निर्माण करतात. या प्रकाशाला हवासुद्धा शोषून टाकते, म्हणून सगळे काम निर्वात पोकळीत करावे लागते. दोन दशके लोक हसले. आज त्या यंत्राशिवाय सगळ्यात पुढच्या चिप बनवण्याचा विचारही कोणी करत नाही. कुठले वेड फळाला येईल आणि कुठले बुडवेल, हे आधी सांगता येत नाही. म्हणून शहाणे लोक पळवाट ठेवून जुगार खेळतात. ज्यांना तो परवडत नाही, ते उठून जातात. अमेरिकेतल्या ग्लोबलफाउंड्रीजने ऑगस्ट २०१८ मध्ये ७ नॅनोमीटरचा प्रयत्न थांबवला आणि जुन्या, रुळलेल्या प्रक्रियांवर लक्ष केंद्रित केले. ती कंपनी काही बुडाली नाही.

आता शिक्षक महाशयांच्या प्रश्नाकडे येतो. आपल्याकडे चिपचा कारखाना अगदीच नवा नाही. मोहालीच्या सरकारी कारखान्यात १९८४ पासून चिप बनू लागल्या. १९८९ साली तिथे आग लागली आणि आपण कित्येक वर्षे मागे गेलो. आज तिथे १८० नॅनोमीटरची प्रक्रिया चालते. अवकाश प्रक्षेपकांसाठी तिथे घडवलेला 'विक्रम' हा प्रोसेसर २०२५ साली सादर झाला. १८० नॅनोमीटर म्हणजे जगाच्या हिशोबाने आजोबांच्या काळातले. पण अवकाशात भरवसा महत्त्वाचा, फॅशन नव्हे.

ढोलेरात टाटा इलेक्ट्रॉनिक्स तैवानच्या पीएसएमसीकडून तंत्र घेऊन २८ ते ११० नॅनोमीटरपर्यंतच्या प्रक्रिया आणणार आहे. टीएसएमसीने २८ नॅनोमीटरचे मोठे उत्पादन २०११ सालीच सुरू केले होते. म्हणजे या पिढीची दुखणी आणि औषधे दोन्ही ठाऊक झालेली आहेत. तिला ती कथिलाच्या थेंबांची महाग यंत्रेही लागत नाहीत. आणि माल खपेल का, म्हणाल तर २०२१ साल आठवा. नव्या मोटारीसाठी लोकांना महिनोन्‌महिने थांबावे लागले. तेव्हा प्रामुख्याने टंचाई होती ती अशाच जुन्या पिढीच्या, साध्या चिपची.

तेव्हा गुरुजी, ही शिळी कढी नव्हे. हे मुरलेले लोणचे आहे. पण म्हणून ते आपल्या बरणीत आपोआप मुरेल, असे मात्र समजू नका. तैवानात उत्तम चालणारी प्रक्रिया दुसऱ्या गावी नेली की पाणी बदलते, वीज बदलते, हवेतला दमटपणा बदलतो आणि मुख्य म्हणजे माणसे बदलतात. इंटेलने यासाठी नियमच केला होता की नव्या कारखान्यात जुन्याची हुबेहूब नक्कल करायची, कारण नसताना काडीचाही बदल नाही. तो नियम किती शहाणपणाचा आहे, हे एका दिव्याच्या उजेडाने मला शिकवले. आपल्याकडे 'यात काय एवढे, थोडा बदल करून घेऊ' म्हणण्याची सवय आहे. ती सवय गेटबाहेर ठेवावी लागेल.

नागरिक म्हणून आपण काय करावे? नॅनोमीटर किती, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवावा. महिन्याला ५० हजार चकत्यांची क्षमता सांगितली आहे, त्यातल्या किती चकत्या खरोखर निघाल्या आणि उतारा किती पडला, हे विचारावे. पहिल्या वर्षी उत्तर मनासारखे आले नाही तर लगेच 'पैसे बुडाले' म्हणून ओरड करू नये. दुसऱ्या, तिसऱ्या वर्षीही उत्तर मिळाले नाही, तर मात्र गप्प बसू नये.

आणि त्या कारखान्यात आपली मराठी मुले-मुली लागतील, त्यांना एकच सांगणे आहे. तुमच्यासमोरही एक दिवस असाच कागद येईल. सगळे आकडे झकास असतील आणि सगळ्यांना घाई असेल. सही करण्यापूर्वी एकदा जुन्या तंत्रज्ञाला जाऊन विचारा, 'काका, आपण काय मोजायचे विसरलोय?' मला त्या वेळी हे विचारायचे सुचले नाही.